दिवाळीआधी दगडी फरशी साफ करायचीय? मग आधी हे जमवून ठेवा

आमच्या घरात फरश्यांचं प्रदर्शनच आहे. अंगणात आणि मागच्या पडवीत खरखरीत शहाबादी, हॉल आणि दोन्ही खोल्यांत हिरवट कोटा, ओट्याला काळा कडप्पा आणि देवघरात आईच्या हट्टापायी पांढरा मार्बल, म्हणजे ज्या वर्षी जेवढे पैसे होते त्यात जे बसलं ते बसवलं असा सगळा कारभार. दसरा झाला की घरातली जळमटं, पंखे, माळा सगळे वाटून घेतात आणि फरशी माझ्या वाट्याला येते, गेली सात-आठ वर्षं हेच चाललंय. त्यामुळे सुरुवात करायच्या आधी काय काय तयार पाहिजे ते आता पाठ झालंय, आणि त्यातलं निम्मं चुकून शिकलोय.

पहिली तयारी सामानाची नाही, दगड ओळखायची. शहाबादी कर्नाटकातल्या कलबुर्गीकडची, कोटा राजस्थानातला, कडप्पा आंध्रातला, गावं वेगळी आणि रंग वेगळे पण तिन्ही चुनखडीच आहेत, आणि मार्बल म्हणजे तीच चुनखडी जमिनीखाली उष्णतेने आणि दाबाने बदललेली. म्हणजे चारही आंबटाला घाबरतात. ग्रॅनाइटची जात वेगळी, तो कडक असतो आणि लिंबाबिंबाला भीक घालत नाही. घर नवीन घेतलंय, फरशी कुठली ते माहीत नाही, तर फ्रीजच्या मागे जिथे कोणी बघत नाही तिथे लिंबाचा एक थेंब टाका, पाच मिनिटांनी ओल्या फडक्याने पुसा आणि वाळू द्या, तेवढी जागा निस्तेज दिसली की समजायचं चुनखडीतलीच आहे. जुन्या फ्लॅटमधल्या ठिपक्याठिपक्यांच्या मोझेक टाइल्स अख्खा दगड नसतात, सिमेंटमध्ये मार्बलची चुरी असते, पण त्यांनाही हेच सगळे नियम लागू.

हे कळलं की दुसरं काम म्हणजे घरातली ॲसिडची बाटली, संडास साफ करायचं लिक्विड आणि व्हिनेगर हे सगळं उचलून फरशीपासून लांब नेऊन ठेवा. खरंच उचला, कारण समोर असलं की हात जातोच. माझाच गेला होता. मागच्या पडवीतल्या शहाबादीवर बोअरच्या पाण्याचे पांढरे थर बसले होते, ते काही केल्या निघेनात म्हणून मी संडासचं लिक्विड ओतलं, मस्त फसफसलं, मला वाटलं वा काय मळ निघतोय! मळ कसला, दगडच विरघळत होता. वाळल्यावर तिथे पांढरट, खडबडीत चट्टा उमटला तो आजही आहे आणि आईने त्यावर तुळशीची कुंडी आणून ठेवलीय, कोणी आलं की ती कुंडीकडे बघते आणि मग माझ्याकडे. ओट्याच्या कडप्प्यावर लिंबू कापल्यावर पडणारे पांढुरके ठिपके म्हणजे हेच, तो डाग नसतोच, वरची चकाकी खाल्ली गेलेली असते, त्यामुळे कितीही घासलं तरी जात नाही. व्हिडिओत ते व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र ओतून फेस काढतात ना, त्यात दोघंही एकमेकांना मारून टाकतात, फेस तेवढा छान दिसतो, आणि जे व्हिनेगर उरतं ते फरशीला खातं. आणि एक, ॲसिड आणि ब्लीच कधीच एकत्र करू नका, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो, बंद बाथरूममध्ये तर जिवावर बेतेल.

आता सामान. फुलझाडू, आणि तो नवा असेल तर आधी अंगणात आपटून त्याची भुशी काढून टाका नाहीतर आठवडाभर तीच गोळा करत बसाल. खराटा फक्त बाहेरच्या शहाबादीला. दोन बादल्या, एक साबणाच्या पाण्याची आणि एक साध्या पाण्याची, ही दुसरी बादली लोक टाळतात आणि मग म्हणतात पुसूनही फरशी चिकट लागते. मायक्रोफायबरची चार-पाच फडकी, म्हणजे जुन्या बनियनचं पोतेरं वापरू नका असं नाही पण शेवटचं कोरडं पुसायला फडकंच बरं. मऊ ब्रश, जुने टूथब्रश सांध्यांसाठी. तारेची घासणी आणि भांड्यांची पावडर मार्बलजवळ फिरकू द्यायची नाही. साबण म्हणाल तर दगडासाठी न्यूट्रल पीएचचं, म्हणजे आंबटही नाही आणि खारही नाही असं क्लीनर मिळतं ते उत्तम, नाहीतर बादलीभर कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचा छोटा अर्धा चमचा, जास्त टाकलंत तर पातळ साय बसते आणि त्यावर धूळ चिकटते. पाणी बोअरचं असेल तर शेवटची पुसणी तरी पालिकेच्या किंवा आरओ फिल्टरच्या पाण्याने करा आणि लगेच कोरडं करा, क्षार तसाच वाळू दिला की पांढरे थर बसतात आणि ते काढायला ॲसिडशिवाय सोपा उपाय नसतो, आणि ॲसिडचं तर आत्ताच सांगितलं.

फर्निचर सरकवायला दुसरा माणूस आधीच ठरवून ठेवा, उचलायचं, ओढायचं नाही. कपाटाच्या पायाखाली वाळूचा एक कण अडकला तरी मार्बलवर लांबच लांब चरा जातो, वाळूतला गारगोटीचा कण मार्बलपेक्षा कितीतरी कडक असतो. म्हणूनच तर आधी कोरडा झाडू दोनदा, मग पाणी. जड वस्तूंच्या पायाखाली जुन्या सतरंजीचे तुकडे घालून ठेवा. आणि गॅस सिलिंडर दगडावर थेट ठेवू नका, त्याच्या बुडाचं गंजाचं कडं मार्बलवर उमटलं की जवळजवळ कायमचंच.

सामान हलवलं की मोकळ्या फरशीवर चावीने किंवा नाण्याने टकटक करत एक फेरी मारा. पोकळ वाजणाऱ्या, म्हणजे खालून सुटलेल्या फरश्यांवर खडूने फुली करा, सांध्यांतलं सिमेंट कुठे उडालंय तेही बघा, कारण पुसायचं पाणी तिथूनच खाली जातं आणि मग कडेला पांढरी पीठासारखी बुरशी आल्यासारखं दिसतं. ती बुरशी नसते, ओलीबरोबर वर आलेले क्षार असतात. ते कोरड्या ब्रशने झाडायचे, ओल्या फडक्याने पुसलंत तर विरघळून परत आतच जातात. सांधे भरून घ्यायचे असतील तर गवंड्याला आत्ताच फोन करा, दिवाळीच्या आठवड्यात तो तुम्हाला ओळखही दाखवणार नाही.

डागांसाठी वेगळा दिवस ठेवा, एका रात्रीत होत नाही. देवघरात समईच्या तेलाचे डाग हे आमचं दरवर्षीचं दुखणं, तेल मार्बलच्या आत मुरतं त्यामुळे वरून घासून काही उपयोग नाही, ते बाहेर ओढून काढावं लागतं. खायचा सोडा आणि पाणी असं घट्ट श्रीखंडाएवढं कालवायचं, डागापेक्षा बोटभर जास्त रुंद पसरेल असं थापायचं, वर प्लास्टिक ठेवून कडा चिकटपट्टीने बंद करायच्या, दिवसभर तसंच राहू द्यायचं, मग प्लास्टिक काढून पूर्ण वाळू द्यायचं आणि प्लास्टिकच्या जुन्या कार्डाने खरवडायचं. जुन्या डागाला तीन-चार वेळा करावं लागतं, पहिल्यांदा काहीच झालं नाही म्हणून चिडू नका. हळदीवर मात्र सोडा किंवा साबण लावला की डाग लालभडक होतो आणि माणूस हादरतो, तो हळदीचा स्वभावच आहे, साध्या पाण्याने पुसा, आणि ऊन येणारी जागा असेल तर हळदीचा रंग उन्हाने आपोआप उडत जातो. कुंकू सांडलं तर आधी कोरडंच उचलायचं, कागदाने नाहीतर मऊ ब्रशने, पाणी लागलं की पसरलंच. मेणाला बर्फाचा खडा लावून कडक करायचं आणि त्याच कार्डाने उडवायचं.

सीलर, म्हणजे दगडात पाणी-तेल मुरणं कमी करणारं द्रव, मारायचा की नाही हे ठरवायला फरशीवर पाण्याचे दोन-चार थेंब टाका आणि पंधरा मिनिटं चहा प्या. परत आल्यावर पाणी पुसून बघा, खाली गडद ठसा दिसला म्हणजे दगड पाणी पितोय, मग तेलही पिणार. आत मुरणारा सीलर आणा, वर थर बसवणारा नको, तो चालण्याच्या वाटेवर आधी जातो आणि मग फरशी पट्ट्यापट्ट्यांची दिसते. पावसाळ्याची ओल असताना मारू नका, म्हणून तर मी दसऱ्यानंतर हात लावतो, धुतल्यावर निदान दोन दिवस तरी कडक वाळू द्यायचं. पातळ हात मारायचा, जास्तीचा डब्यावर लिहिलेल्या वेळेत पुसून घ्यायचा, राहिला तर पांढुरकं धुकं बसतं. पुष्कळ सीलरमध्ये पेट घेणारं सॉल्व्हंट असतं, तेव्हा खिडक्या उघड्या, गॅस बंद आणि हो, देवघरातली समईसुद्धा त्या वेळेपुरती बंद, यावर आमच्याकडे चांगला अर्धा तास वाद झाला होता. सीलर लावला म्हणून लिंबू चालतं असंही नाही, तो फक्त मुरणं कमी करतो.

कडप्प्यावर खोबरेल तेलाचा हात फिरवून काळाभोर करायची जुनी पद्धत आहे, आईही करते, दिसतं सुंदर, दोन दिवसांत धूळ बसून चिकट होतं. मी आता काही बोलत नाही.

आणि फरशी इतकी मेली असेल की पुसून काही फरकच पडत नाही तर मशीनचं पॉलिश. त्याची तयारी म्हणजे अर्धं घर बदलणंच समजा. मशीनला जाड ते बारीक असे पाच-सहा घासायचे दगड लावून ओली घासाई होते, भिंतींवर गुडघ्याएवढं शिंतोडं उडतं, तेव्हा कपाटांच्या खालच्या फळ्यांना आणि खालच्या प्लगना प्लास्टिक चिकटवून ठेवा, मोठ्या मशीनला जाड पिनचा प्लग कुठे आहे ते बघून ठेवा, पाण्याचा एक ड्रम भरून ठेवा. त्यातून जो दुधासारखा चिखल निघतो तो मोरीत ओतू देऊ नका, तळाशी बसून दगड होतो. आमच्याकडच्या माणसाने मी नको म्हणत असताना बाथरूमच्या जाळीत ढकलला आणि नंतर प्लंबरला बोलवावं लागलं. बादलीत गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी काढायचं, खालचा गाळ गोणीत भरून राडारोड्याबरोबर द्यायचा. भाव ठरवतानाच हे बोलून घ्या, आणि शेवटच्या चकाकीच्या हाताला काय वापरणार तेही विचारा, बरेच जण ऑक्झॅलिक ॲसिडची पावडर वापरतात, मार्बलवर ते मुरलेल्या माणसाच्याच हातात बरं.

एवढं सगळं झालं की दारात दोन पायपुसणी, एक बाहेर खरखरीत आणि एक आत मऊ. पणत्यांखाली वाट्या किंवा जुन्या स्टीलच्या बशा आत्ताच शोधून ठेवा, आणि रांगोळी काढायचीच तर अंगणातल्या शहाबादीवर काढा, देवघरातल्या मार्बलवर काढायची असेल तर खाली पाट घ्या.