कुवेतच्या टीमचं जुनं जॅकेट कोकणातल्या पावसात कसं टिकवायचं

रत्नागिरीपासून श्रीवर्धनपर्यंत ज्या घरातलं कोणी आखातात नोकरीला होतं त्या घरात तिकडून आलेल्या सामानाची एक ट्रंक असतेच. आमच्या ट्रंकेत कुवेतच्या नॅशनल फुटबॉल टीमचं निळं जॅकेट आहे, बाबांनी तिथे घेतलेलं, 1982 च्या वर्ल्डकपच्या वेळचं. 1990 च्या ऑगस्टमध्ये इराकी सैन्य शिरलं आणि बाकीचं सगळं मागे राहिलं, हे तेवढं बॅगेत आलं, जॉर्डनच्या तंबूत बाबा हेच उशाला घेऊन झोपायचे आणि मग अम्मानहून एअर इंडियाने मुंबई. त्यामुळे ते टिकलंच पाहिजे.

आधी आतला टॅग वाचा. कापड पॉलिस्टर आहे की नायलॉन की कॉटन मिक्स हे कळतं आणि कधीकधी वयही कळतं, कुठल्याही जुन्या जॅकेटवर पश्चिम जर्मनीत बनवल्याचं लिहिलेलं असेल तर ते साधारण 1990 पर्यंतचं, कारण त्या ऑक्टोबरात दोन्ही जर्मनी एक झाल्या.

आता धुणं. आपल्याकडची खरी अडचण खारा वारा आहे, कापडात मीठ बसतं, ते मीठ हवेतला ओलावा ओढतं आणि त्यावर बुरा चढतो, म्हणून नुसतं उन्हात टाकून भागत नाही, आधी गोड्या पाण्यातून दोनदा काढा. बुरा दिसत असेल तर तो पाण्याआधी झटका, पडवीत नाही तर अंगणात, तोंडाला रुमाल बांधून, मऊ ब्रशने. मग बादलीभर साध्या पाण्यात थोडं लिक्विड सोप, जॅकेट उलटं करून दहा मिनिटं बुडवा, हाताने दाबा, पिळू नका. ब्लीच अजिबात नको, निळा रंग गेला तर परत येत नाही. सुकवताना दांडीवर लटकवू नका, ओलं कापड खांद्यात ओघळतं, जुन्या चादरीवर सावलीत पसरा.

इस्त्री घरीच करा आणि छपाईवर नाहीच. मी एकदा बाहेर इस्त्रीला दिलं होतं, पाठीवरच्या अक्षरांतलं एक अक्षर वितळून इस्त्रीलाच चिकटलं, तिथे आता नुसता चमकणारा डाग आहे, बाबा काही बोलले नाहीत पण मला अजून वाईट वाटतं.

चेन पितळेची असेल तर दातांवर हिरवट थर येतो. भांडी घासतो तसं आमसूल लावायचा मोह होईल, लावू नका, कापडावर लाल डाग पडतो. जुन्या टूथब्रशने कोरडंच घासा आणि मग मेणबत्ती फिरवा, चेन सरसर चालते.

हा निळा रंग म्हणजेच त्या टीमचं नाव, तिकडे त्यांना अल-अझरक म्हणतात, म्हणजे निळे. 1980 चा आशिया कप त्यांनी घरच्या मैदानावर जिंकला, फायनलला दक्षिण कोरियाला 3-0 हरवून, आणि दोन वर्षांनी स्पेनला वर्ल्डकप खेळले, कोच कार्लोस अल्बर्टो परेरा, ज्यांनी पुढे 1994 ला ब्राझीलला जिंकवलं. पहिल्याच मॅचला चेकोस्लोव्हाकियाशी 1-1, फैसल अल-दाखिलचा गोल. मग 21 जूनला फ्रान्सशी मॅच, स्टँडमधून शिट्टी वाजली, कुवेतचे प्लेअर पंचांची समजून थांबले आणि जिरेसने गोल मारला, तेव्हा फुटबॉल असोसिएशनचे प्रमुख शेख फहद स्वतः मैदानात उतरले आणि पंचांनी गोल चक्क रद्द केला. मॅच 4-1 ने गेली, पुढे इंग्लंडनेही 1-0 हरवलं, कुवेत त्यानंतर वर्ल्डकपला पोचलेलं नाही. शेख फहद 2 ऑगस्ट 1990 ला, हल्ल्याच्या पहिल्याच दिवशी, दसमान राजवाड्यापाशी मारले गेले. बाबा हे सांगताना जॅकेटची बाही हातात धरून असतात.

ठेवताना प्लास्टिकची पिशवी नको, आत घाम धरतो. धुतलेल्या सुती धोतरात गुंडाळा, घड्यांमध्ये कागद कोंबून ठेवा म्हणजे छपाईला मोड पडत नाही, छपाई एकमेकांना चिकटू नये म्हणून मध्येही कागद. डांबरगोळी कापडाला टेकवू नका. सिलिका जेलच्या पुड्या ट्रंकेत ठेवा आणि जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी उघडून बघा. गणपतीत पाऊस उघडला की दोन तास ओटीवर वारा द्या.

शेवटचं, एका कागदावर पेन्सिलने लिहा की जॅकेट कोणी, कुठे, कधी घेतलं आणि इथे कसं पोचलं, आणि तो कागद खिशात ठेवा. पेनाची शाई ओलाव्याने कापडावर उतरते.