मूल खेळत असताना वहीत काय लिहायचं

बालशिक्षणाच्या बहुतेक कोर्सना एक प्रकल्प असतो: मुलांच्या मुक्त खेळाचं निरीक्षण करून नोंदवही भरा. दरवर्षी माझ्याकडे अशा वह्यांचा गठ्ठा तपासायला येतो. निम्म्या वह्यांत एकच वाक्य वेगवेगळ्या अक्षरांत असतं, 'मुलांनी आनंदाने खेळात सहभाग घेतला.' त्यावरून मला एवढंच कळतं की वही आदल्या रात्री भरलेली आहे. खालची पद्धत बालवाडीच्या ताईंसाठी आहे, पण घरी एखादा आजोबा करायला बसला तरी जमेल.

१. बसा. भिंतीला पाठ लावून जमिनीवर. पहिले दोन दिवस मुलं 'काय लिवता ताई?' विचारत अंगावर येतात. 'माझा अभ्यास' म्हणायचं. तिसऱ्या दिवशी तुमच्याकडे कोणी बघत नाही. हल्ली सगळे सांगतात, 'मोबाईलवर व्हिडिओ काढा, नंतर बघून लिहा.' काढू नका. मोबाईल दिसला की खेळ थांबतो आणि नाच सुरू होतो. शिवाय ते व्हिडिओ पुढे कोणी बघत नाही.

२. एका वेळी एकच मूल. अख्खा वर्ग बघायला गेलात तर काहीच दिसत नाही. मिल्ड्रेड पार्टन ही अमेरिकन संशोधक मिनेसोटाच्या बालवाडीत एकेका मुलाला एकच मिनिट बघायची, आणि असं पुन्हा पुन्हा, निरनिराळ्या दिवशी. १९३२ साली छापलेलं तिचं काम आजही शिकवतात. मिनिट फार कमी वाटत असेल तर दहा मिनिटं घ्या. तासभर नको, हात दुखतो आणि मग माणूस कल्पनेने लिहायला लागतो.

३. क्रियापदं लिहा. सगळी गोम इथे आहे, आणि मी स्वतः इथे चार वर्षं चुकत होते.

माझ्या वर्गात पाच वर्षांचा एक मुलगा होता. मोठी मुलं लगोरी मांडायची आणि हा पेरूच्या झाडाला टेकून उभा. मी वहीत लिहिलं, 'बुजरा. मिसळत नाही.' तेवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. पालकसभेत मी ते त्याच्या आईला वाचून दाखवलं. पुढचे आठ दिवस ती फाटकातूनच त्याला 'जा, खेळ जा, उभा राहू नको' म्हणत ढकलायची. तो झाडही सोडून व्हरांड्याच्या पायरीवर जाऊन बसायला लागला.

एका सकाळी मला फार अपराधी वाटलं. म्हटलं, आज मत नाही, फक्त तो काय करतो ते लिहायचं. दहा मिनिटांत पान भरलं. चेंडू पायरीकडे आला की तो उठायचा, फेकणाऱ्याच्या हातात नेऊन द्यायचा आणि पळत जागेवर यायचा. ठिकऱ्या रचल्या जात असताना त्याचे ओठ हलायचे आणि बोट गुडघ्यावर आपटायचं, ठिकरीगणिक एकदा. मग 'सात झाल्या', 'नाही, सहाच' असं भांडण पेटलं आणि दोन्ही गटांनी माना वळवून पायरीकडे पाहिलं. 'सहा,' तो म्हणाला. सहाच धरल्या गेल्या. ज्याला मी बुजरा ठरवलं होतं, त्याला त्या मुलांनी कधीच पंच नेमलेलं होतं.

तेव्हापासून माझा नियम कडक आहे. वहीत विशेषण आलं की खोडायचं. हुशार, हट्टी, खोडकर, एकलकोंडा, समंजस, सगळी बाद. 'आनंदाने' तर सगळ्यात आधी बाद. तो हसला असेल तर 'हसला' लिहा. कसोटी सोपी आहे: तुमची नोंद वाचून शेजारच्या ताईला तेच जसंच्या तसं करून दाखवता आलं पाहिजे. 'हट्टीपणा केला' हे कोण कसं करून दाखवणार?

भातुकलीची एक नोंद देते. क मुलगी, ख मुलगा, दोघंही चार वर्षांचे. (खरी नावं वहीतही नकोत.)

'१०.१२. क बाटलीचं झाकण विटेवर ठेवते. ख पानं आणतो. क: धुवून आण. ख कोपऱ्यात जाऊन पानं हवेत झटकतो, परत आणतो. क झाकणात घालते, काडीने ढवळते. तोंडाने श्शूऽऽ. क: तीन झाल्या की बंद कर. ख थांबतो. दुसरी श्शूऽऽ. तिसरी. ख विटेच्या कोपऱ्यावर बोटं पिरगाळतो.'

पाणी नव्हतं, पण पानं धुतली गेली. दुसऱ्या शिट्टीला हात शिवशिवत असणार, तरी पोरगा तिसरीपर्यंत थांबला. रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्की हेच सांगायचा: लुटुपुटीच्या खेळातही नियम असतात आणि मूल ते स्वखुशीने पाळतं. त्याने दोन सख्ख्या बहिणींचं उदाहरण दिलंय. त्या 'बहिणी-बहिणी' खेळत होत्या. एरवी आपण बहिणी आहोत हे त्यांच्या मनातही येत नसेल, पण खेळात मात्र बहिणीने कसं वागायचं ते त्या कसोशीने पाळतात. 'कल्पनाशक्ती चांगली' असा शेरा मारला असता तर यातलं काहीही हाती लागलं नसतं.

आणखी दोन गोष्टी इथेच सांगते, कारण दोन्ही मला महागात पडल्यात. मुलाचं बोलणं शुद्ध करून लिहू नका. 'माज्यावर राज नाय' हे तसंच लिहा. आणि मध्ये तोंड घालू नका. एकदा मी न राहवून म्हटलं, 'वा, काय छान घर बांधलंय!' पोराने माझ्याकडे बघितलं, ठोकळे मोडले आणि निघून गेला. ती एसटी होती. भांडणातही पडायचं नाही, हातात दगड येईपर्यंत. राज्य कोणावर, चकताना कोणी हात उशिरा फिरवला, रडीचा डाव कोण खेळतंय, या वादातच नियम घडत असतात. तुम्ही न्याय दिलात की ते घडणं थांबतं.

४. नावं नंतर द्या, घरी, पेन्सिलीने. पार्टनचे सहा प्रकार सोयीचे आहेत: नुसतं रेंगाळणं, एकट्याने खेळणं, बघत राहणं, शेजारी-शेजारी पण आपापलं खेळणं, मिसळून खेळणं, आणि कामं वाटून एकत्र खेळणं. त्यांची शिडी मात्र करू नका. मोठं मूल एकटं बसून शंख-शिंपले रांगेत मांडत असेल तर ते मागे पडलेलं नाही, कामात आहे. माझा पायरीवरचा मुलगा 'बघत राहणं' या खान्यात बसतो खरा, पण खान्याचं नाव लिहून वही मिटली असती तर ती सहाव्या ठिकरीची गोष्ट हुकली असती.

५. शेवटी विचारा, पण 'काय शिकलास?' असं नाही. त्याला मूल 'काही नाही' म्हणतं. स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजेने जिनिव्हाकडच्या मुलांना गोट्या दिल्या आणि 'मला येत नाही, शिकव' म्हणून खेळाचे नियम त्यांच्याच तोंडून काढून घेतले. तसंच करा, आणि खरोखर खेळायला बसा. परवा मी सागरगोटे शिकायला बसले होते. मला एकही झेलता येईना. सात वर्षांच्या माझ्या गुरूने पाच मिनिटं धीर धरला, मग बाकीच्यांना जाहीर केलं, 'ताई लिंबूटिंबू.' तेही वहीत आहे, वेळेसकट.