फायनलचा ‘स्लो’ आणि फाटका सिग्नल

हॅम म्हणजे हौशी रेडिओची व्हीयू३ कॉलसाइन (हवेवरची ओळख) मिळाली आणि पहिल्याच रविवारी सकाळी मी घरी जोडलेला एसएसबी सेट, म्हणजे आवाज पाठवणारा, चाळीस मीटरच्या बँडवर लावला. बिटएक्स या घरी जोडायच्या सेटच्या धर्तीचा बोर्ड, शेवटी अँटेनाला ताकद देणारा ‘फायनल’ ट्रान्झिस्टर म्हणून एक आयआरएफ५१०, वॅटमीटरवर चांगले १० वॅट. सांगलीकडच्या एका ज्येष्ठ ओएमनी (हॅम मंडळी एकमेकांना असंच म्हणतात) रिपोर्ट दिला, “पाच-नऊ आहात, सिग्नल जोरदार, पण शब्द कुरतडल्यासारखे येतायत. आणि वर-खाली तीन-तीन किलोहर्ट्झ सरकलं तरी तुम्हीच ऐकू येताय.” मी माइक बदलला. पुढच्या रविवारी तोच रिपोर्ट. मग आणखी एक माइक आणला. पैसे गेले, दोष तिथेच.

आपल्याकडे चाळीस मीटर म्हणजे ७००० ते ७२०० किलोहर्ट्झ. एवढ्या अरुंद गल्लीत एकाने हातपाय पसरले की शेजारचे दोन क्यूएसओ, म्हणजे चालू गप्पा, मोडतात. आणि वॅटमीटर यातलं काहीच दाखवत नाही.

आयआरएफ५१० मुळात स्विचिंगसाठी बनवलेला मॉसफेट. त्याच्या गेटवर, म्हणजे त्याला उघडणाऱ्या पायावर, २ ते ४ व्होल्ट आल्याशिवाय तो जागाच होत नाही, आणि नेमके किती ते प्रत्येक नगाचं वेगळं. म्हणून बायस द्यायचा, म्हणजे आपण गप्प असतानाही थोडा करंट वाहत राहतो. जुन्या स्कूटरचा ‘स्लो’ आठवा. कमी ठेवला तर चौकात गाडी बंद पडते, रेस दिली की आचके देते. जास्त ठेवला तर उभ्या उभ्या पेट्रोल पिते. बोर्डावरचा प्रीसेट हा तोच स्क्रू. माझा जवळपास शून्यावर होता. ठसक्यात म्हटलेले शब्द जात होते, पण शब्दांची टोकं, ‘ह’सारखे हलके आवाज फायनलमध्येच गिळले जात होते.

मोर्सला हे खपतं, कारण तिथे एकच स्वर चालू-बंद करायचा असतो. बोलण्यात एका वेळी अनेक स्वर असतात आणि वाकडा ॲम्प्लिफायर त्यांची आपसात खिचडी करतो. ७०० आणि १९०० हर्ट्झचे दोन स्वर एकदम दिले तर ३१०० हर्ट्झवर एक नवा स्वर उगवतो, आणि दुसरा चक्क कॅरिअरच्या (मूळ रेडिओ लाटेच्या) पलीकडे ५०० हर्ट्झवर. हाच तो स्प्लॅटर.

बायस लावताना माझ्याकडून पहिलाच फायनल उडाला. प्रीसेटचं कुठलं टोक शून्याचं, ते मीटरने न बघताच पीटीटी, म्हणजे बोलायचं बटण, दाबलं. गेटवर सगळे ५ व्होल्ट, मल्टिमीटरचा फ्यूज गेला आणि मॉसफेट शॉर्ट. तेव्हापासून ड्रेनच्या, म्हणजे मॉसफेटच्या ज्या पायाला सप्लाय येतो त्याच्या, वाटेत बाइकच्या इंडिकेटरचा १२ व्होल्टचा बल्ब सीरिजमध्ये घालतो. काही चुकलं तर बल्ब पेटतो, मॉसफेट वाचतो. अँटेनाच्या जागी डमी लोड (ताकद हवेत न सोडता जिरवणारा रेझिस्टर), माइक काढलेला, प्रीसेट शून्यावर, आणि मग करंट हळूहळू १०० मिलिॲम्पिअरपर्यंत. झालं की बल्ब काढायचा.

डमी लोड विकत घेऊ नका. १ किलोओहमचे, २ वॅटचे वीस रेझिस्टर पॅरलल जोडले की ५० ओहम होतात. दुकानदार वायरवाउंड देईल, ते घेऊ नका; त्यात तारेची कॉइलच असते. बुधवार पेठेत किंवा लॅमिंग्टन रोडवर मेटल ऑक्साइडचे सहज मिळतात.

थंड असताना लावलेले १०० मिलिॲम्पिअर पाच मिनिटं बोलल्यावर १७० झालेले मी पाहिलेत. मॉसफेट तापला की कमी व्होल्टवर उघडतो, करंट वाढतो, आणखी तापतो. बायसच्या वाटेतला डायोड हीटसिंकला चिकटवला की हे आवरतं. मॉसफेट आणि हीटसिंकमधली अभ्रकाची चकती विसरू नका, आयआरएफ५१०चा धातूचा टॅब म्हणजेच ड्रेन.

बायस ठीक करूनही माझा सिग्नल थोडा पसरतच होता. तो वेगळा आजार होता, ओव्हरड्राइव्हचा. ओळखायची खूण अशी: माइक गेन खाली आणला की पसरणं थांबलं, तर जास्त ड्राइव्हने लाटेचे शेंडे सपाट होतायत. हळू बोलूनही आवाज खरखरीतच राहिला, तर बायस. माझ्याकडे सप्लायची वायरही बारीक होती, जोरात बोललं की १२चे साडेदहा व्होल्ट व्हायचे. जाड वायर घातली, गेन उतरवला, १०चे ८ वॅट झाले. फरक १ डेसिबल! सिग्नलची ताकद सांगणारं एक एस-युनिट ६ डेसिबलचं असतं, म्हणजे समोरच्याला कळणारही नाही. तरी मला ते दोन वॅट आठवडाभर टोचत होते.

स्वतःचा सिग्नल बघायला ७ मेगाहर्ट्झ ऐकू शकणारं आरटीएल-एसडीआर डोंगल (कॉम्प्युटरला लावायचा छोटा रिसीव्हर) पुरतं. त्याला अँटेना लावू नका; डमी लोडजवळ नुसतं ठेवलं तरी ऐकतं. जास्त जवळ नेलंत तर डोंगलच चोंदतं आणि नसलेला कचरा दाखवतं. मी एक अख्खी संध्याकाळ तो कचरा शोधण्यात घालवलीय.

लो पास फिल्टर (वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा) काढून ‘जरा बघू’ म्हणून अँटेनावर जाऊ नका. ७.१ मेगाहर्ट्झची दुप्पट १४.२, तिप्पट २१.३, दोन्ही आपल्याच मंडळींच्या बँडमध्ये. आणि आयआरएफ५१० घ्याल तर पाच एकदम घ्या. माझे आत्तापर्यंत तीन जळलेत.