वॅक्स हीटर घेताना लिटरच्या आधी थर्मोस्टॅट बघा

पार्लरसाठी वॅक्स हीटर घ्यायचा म्हटलं की सगळे आधी भांडं केवढं आहे ते बघतात, पण खरं बघायचं ते टेम्परेचर कंट्रोल, कारण नुसतं ऑन-ऑफ बटण असलेला हीटर वॅक्स तापवतच राहतो, आणि दिवसभर उकळलेलं वॅक्स पातळ होऊन केस नीट धरत नाही, वर क्लायंटची स्किन भाजायची भीती वेगळीच. फिरवायचा नॉब आणि थर्मोस्टॅट, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला हीटर आपोआप बंद-चालू करणारा भाग, हवाच. सकाळी फुल ठेवून वितळवा, मग कमी करून मधासारखं घट्टसर राहील असं ठेवा.

दुसरं म्हणजे तुम्ही वॅक्स कुठलं वापरता? पट्टीवालं आणि हार्ड वॅक्स (जे पट्टीशिवाय, घट्ट झाल्यावर तसंच ओढून काढतात) दोन्ही करत असाल तर दोन भांड्यांचा, वेगवेगळे नॉब असलेला घ्या, एकाच नॉबवर दोन्ही चालवायला गेलात तर एक जळणार नाहीतर दुसरं गोठणार. हातापायाचंच काम जास्त असेल तर कार्ट्रिजवाला रोल-ऑन हीटर (वॅक्सची भरलेली नळी तापवून तिच्या टोकाच्या रोलरने वॅक्स लावायचा) बरा पडतो, सांडलवंड कमी. फक्त एकीला वापरलेला रोलर तसाच दुसरीला लावू नका हां.

आतलं भांडं बाहेर निघणारं हवं, कडीसकट, नाहीतर साफ करताना जीव जातो. झाकण पण बघा, उघड्या वॅक्समध्ये धूळ अन् केस पडतात. साइज म्हणाल तर एकटीच्या पार्लरला ५०० मिलीचं भांडं आरामात पुरतं. आणि हो, किती तापलंय ते दरवेळी आधी स्वतःच्या मनगटावर बघायचं, नॉबवरच्या आकड्यावर विसंबायचं नाही.