व्यक्तिमत्त्व अन् बुद्धिमत्तेचं मानसशास्त्र कसं शिकायचं, आपल्या विदर्भातल्या पोट्ट्यांसाठी

बीएला मानसशास्त्र घेतलेले पोरं-पोरी एकच विचारतात, व्यक्तिमत्त्व आणि बुद्धिमत्ता हा भाग लय मोठा आहे, नावंच नावं, सिद्धांतावर सिद्धांत, पाठ कसं करायचं. माझं म्हणणं सरळ आहे, पाठ करायला बसूच नका. हा विषय मोजमापाचा आहे. माणसामाणसात फरक राहते हे गावातल्या कोणालाही माहीत आहे, विद्यापीठात शिकायचं ते हे की तो फरक मोजला कसा, आलेल्या आकड्यावर भरवसा किती ठेवायचा, आणि त्या आकड्यावरून समोरच्या माणसाबद्दल काय बोलता येते अन् काय नाही. हे तीन प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि प्रत्येक सिद्धांत वाचताना त्याला विचारा.

पुस्तकं कुठून आणायची हा मोठा प्रश्न, कारण तालुक्याच्या कॉलेजात लायब्ररीत पुस्तक असलं तरी एकच प्रत राहते. पहिले बालभारतीचं बारावीचं मानसशास्त्राचं पुस्तक मोबाईलवर फुकट उतरवा, मराठीत आहे, त्यात बुद्धिमत्ता आणि व्यक्तिमत्त्व असे दोन वेगळे धडे आहेत, बीएला असलात तरी तिथूनच सुरू करा, लाज वाटायचं काही कारण नाही. मग एनसीईआरटीचं बारावीचं घ्या, हिंदीतही मिळते. त्यानंतर इग्नूचं, म्हणजे दूरशिक्षण देणाऱ्या मुक्त विद्यापीठाचं, साहित्य, ते ई-ज्ञानकोश या साईटवर सगळ्यांसाठी खुलं आहे, एमएच्या पहिल्या वर्षात व्यक्तिमत्त्वावर अख्खा पेपर आहे. नागपूर, अमरावती आणि गोंडवाना, तिन्ही विद्यापीठांचा सिलॅबस आपापला आहे, म्हणून मित्राच्या नोट्सवर जाऊ नका, आपल्या विद्यापीठाच्या साईटवरून चालू वर्षाचाच काढा.

बुद्धिमत्तेची सुरुवात आल्फ्रेड बिने यांच्यापासून करा. १९०५ साली पॅरिसमध्ये त्यांनी आणि सिमाँ यांनी चाचणी बनवली ती शाळेत कोणत्या पोरांना जास्तीची मदत लागते हे शोधायला. हुशार कोण अन् ढ कोण अशी यादी लावायला नाही. हा हेतू विसरला की पुढचं सगळं वाकडं समजते. १९१२ मध्ये विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला खऱ्या वयानं भागायची कल्पना मांडली, १९१६ मध्ये अमेरिकेत टर्मन यांनी त्याला १०० नं गुणून बुद्धिगुणांक रूढ केला. म्हणजे ८ वर्षांच्या पोराचं मानसिक वय १० आलं तर बुद्धिगुणांक १२५. पण आजच्या चाचण्या असा भागाकार करत नाहीत, परीक्षेत इथेच बरेच जण मार्क घालवतात. वेक्सलरच्या चाचणीत मध्यमान म्हणजे सरासरी १०० आणि प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीपासून किती पसरतात त्याचं माप, १५ धरतात, त्यामुळं ८५ ते ११५ च्या मधात साधारण ६८ टक्के लोक येतात, आणि ७० ते १३० मध्ये ९५ टक्के. म्हणजे आकडा हा आपल्या वयाच्या बाकी लोकांच्या तुलनेत आपली जागा सांगते, डोक्यात किती बुद्धी भरली ते नाही.

आपल्याकडचं काम पण वाचा बरं, ते पुस्तकात दोन ओळीत उरकतात म्हणून सोडू नका. व्ही. व्ही. कामत यांनी बिनेची चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली. १९५५ मध्ये भाटिया यांची कृती चाचणीमाला आली, त्यात ठोकळे जुळवणं, आकृती काढणं, चित्राचे तुकडे जोडणं असे ५ भाग आहेत, ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्यालाही देता येते. मेळघाटातलं कोरकू बोलणारं पोरगं घ्या किंवा यवतमाळकडचं कोलामी बोलणारं घ्या, त्याला मराठीतली शाब्दिक चाचणी दिली आणि आकडा कमी आला तर तुम्ही बुद्धी मोजली का मराठी मोजली? हा प्रश्न उत्तरपत्रिकेत लिहा, आणि खऱ्या कामात तर पहिले विचारा. चाचणीचे प्रमाणक, म्हणजे ज्या गटाच्या गुणांशी तुलना करायची ते आकडे, कोणत्या लोकांवर काढले, कोणत्या साली काढले, हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं राहते, ते पान वाचल्याशिवाय चाचणी हातात घेऊ नका. जुने प्रमाणक वापरले तर आकडा फुगून येते, कारण विसाव्या शतकात कित्येक देशांत पिढीगणिक गुण वाढत गेले, जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात हे दाखवलं.

आता संख्याशास्त्र. आर्ट्सची पोरं यालाच भितात, पण ह्याच्याशिवाय हा विषय नुसता गप्पा होऊन जाते. आठवीचं गणित येत असलं तरी सुरुवात होते. एक काम करा, वर्गातल्या २५-३० जणांचे वेगवेगळ्या विषयांचे मार्क घ्या, त्यांना विचारून घ्या आणि नावं काढून टाका, मग मराठी-गणित, गणित-इंग्रजी, असा दोन-दोन विषयांचा सहसंबंध, म्हणजे एकाचे मार्क बदलले की दुसऱ्याचे किती सोबत बदलतात ते, हातानं काढा, कॅल्क्युलेटर चालते. बहुतेक ठिकाणी धन येईल, म्हणजे एका विषयात वर असलेला दुसऱ्यातही थोडाफार वर. चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ मध्ये शाळकरी मुलांच्या बाबतीत हेच पाहिलं आणि त्यावरून सामान्य घटक, म्हणजे सगळ्या विषयांच्या मागं असलेली एक समान क्षमता, जिला जी म्हणतात, मांडला. थर्स्टन यांनी १९३८ मध्ये म्हटलं की एक नाही, ७ प्राथमिक क्षमता आहेत. हे भांडण स्वतः आकडे काढल्यावर जसं डोक्यात बसते तसं गाईड वाचून बसत नाही. सहसंबंध जमला की विश्वसनीयता आणि यथार्थता सोपी जाते. दरवेळी तेवढंच माप येणं ही विश्वसनीयता, आणि जे मोजायचं म्हटलं तेच मोजलं जाणं ही यथार्थता, पहिली असूनही दुसरी नसू शकते.

व्यक्तिमत्त्वाकडे या. फ्रॉइडपासून सगळे येतील, परीक्षेपुरते करा, पण संशोधनात आज जास्त चालते ते पंचघटक प्रारूप, ज्याला सगळे बिग फाईव्ह म्हणतात: अनुभवांसाठी खुलेपणा, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, समंजसपणा आणि भावनिक अस्थिरता. ऑलपोर्ट आणि ओडबर्ट यांनी १९३६ मध्ये इंग्रजी डिक्शनरीतून माणसाचं वर्णन करणारे जवळपास १८ हजार शब्द काढले, कॅटेल यांनी ते आटवत १६ घटकांवर आणले, आणि पुढं घटक विश्लेषणातून, म्हणजे एकमेकांशी सहसंबंध असलेले गुण एका गटात आणायच्या गणितातून, ५ ठरले. लक्षात ठेवा, हे पाच कप्पे नाहीत, पाच पट्ट्या आहेत, प्रत्येक माणूस प्रत्येक पट्टीवर कुठंतरी बसते आणि बहुतेक मधातच बसतात. म्हणून मोबाईलवरच्या त्या तुमचा टाईप कोणता वाल्या टेस्टवर विश्वास ठेवू नका. बर्ट्रम फोरर यांनी १९४८ मध्ये वर्गातल्या सगळ्या विद्यार्थ्यांना स्वभाववर्णन म्हणून एकच मजकूर दिला आणि पोरांनी त्याला ५ पैकी सरासरी ४ च्या वर मार्क दिले, की हे अगदी माझंच आहे. हा प्रयोग आपल्या वर्गात करून पहा, पण नंतर सगळ्यांना खरं सांगा.

प्रॅक्टिकलसाठी महागड्या चाचण्यांची झेरॉक्स मारू नका, ते बेकायदेशीर आहे आणि प्रश्न गावभर फिरले की चाचणीच निकामी होते. लुईस गोल्डबर्ग यांनी सुरू केलेला आयपीआयपी नावाचा प्रश्नांचा साठा सगळ्यांसाठी मोफत आहे, त्यातले प्रश्न घ्या, एकानं मराठी करायचं, दुसऱ्यानं मूळ न पाहता परत इंग्रजी करायचं, मग दोन्ही जुळतात का बघायचं. आणि गावात जाल तेव्हा प्रयुक्ताला, म्हणजे ज्याची चाचणी घेता त्याला, एकटं बसवा. सासू बाजूला बसली असली तर सून काय खरं सांगणार, सरपंचासमोर माणूस प्रत्येक वाक्याला हो हो म्हणते, म्हणून काही वाक्यं उलटी पण टाका, म्हणजे जिथं हो म्हटलं की गुण कमी होतात अशी. कोणाचे गुण कोणाला सांगायचे नाहीत, घरच्यांनाही नाही, पोराला तर आकडा सांगूच नका, एकदा ढ म्हटलं की ते त्याच्या अंगाला चिकटते.

अनुवंशिकता हा भाग सगळ्यात जास्त चुकीचा समजला जाते म्हणून इथे थांबून वाचा. जुळ्यांच्या अभ्यासातून व्यक्तिमत्त्वातल्या फरकांची अनुवंशिकता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास येते. याचा अर्थ तुमचा अर्धा स्वभाव बापाकडून आला असा होत नाही, तो आकडा एका गटातल्या माणसामाणसातल्या फरकाबद्दल आहे. रिचर्ड लेवॉन्टिन यांनी बियाण्याचं उदाहरण दिलं, आपल्या वावरात आणून बघा. एकाच थैलीतलं मिसळीचं सोयाबीन अर्धं काळ्या भारी जमिनीत पेरलं आणि अर्धं मुरमाड बरडात. प्रत्येक वावराच्या आत झाडाझाडात जो फरक पडला तो बियाण्यामुळं असेल, पण दोन वावरांमधला फरक पूर्ण जमिनीमुळं. म्हणून एखाद्या जातीचे किंवा जमातीचे सरासरी गुण कमी आले आणि कोणी म्हटलं की रक्तातच कमी आहे, तर त्याला हे सांगता आलं पाहिजे. बुद्धीच्या मोजमापाच्या इतिहासात फ्रान्सिस गाल्टन यांच्यापासून हा वाईट वापर झालेला आहे, तो पण वाचा, लपवू नका.

शेतकऱ्यांच्या घरच्यांनी एक संशोधन नक्की शोधून वाचावं. २०१३ मध्ये सायन्स या नियतकालिकात तामिळनाडूच्या ऊस शेतकऱ्यांवरचा अभ्यास छापून आला, त्यात तेच शेतकरी ऊस निघायच्या आधी, हात तंगीत असताना, आकृत्यांच्या चाचणीत कमी पडले आणि पैसा आल्यावर त्यांचेच गुण वाढले. त्यावर टीकाही झाली, ती पण वाचा, दोन्ही बाजू मांडता आल्या तर व्हायवात कोणी अडवत नाही. आणि तुमचा प्रोजेक्ट सप्टेंबरात सोयाबीन घरी यायच्या आधी करून रायले की दिवाळीनंतर कापूस विकल्यावर, ही तारीख प्रयोगवहीत नक्की टाका.

पुढचं थोडक्यात. नुसत्या एमएवर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून पाटी लावता येत नाही, त्याला आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, मान्यता असलेलं प्रशिक्षण आणि नोंदणी लागते, कोणत्याही संस्थेला फी भरायच्या आधी आरसीआयच्या साईटवर तिचं नाव बघा. शिकवायचं असेल तर नेट किंवा सेट. बीए दुसऱ्या विषयात झालं असेल तरी आधी इग्नूच्या एमएला बसता येत होतं, पण २०२५ च्या जुलै सत्रापासून यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोग) दूरशिक्षणातून मानसशास्त्राचे नवे प्रवेश बंद केले.