खापरपणजोबा खरंच नगराध्यक्ष होते का? घरच्या शेठजींचं चरित्र असं लिहा

आपल्या खानदेशात मारवाड नाहीतर गुजरातेतून आलेल्या बऱ्याच घरांत हे ऐकायला मिळतं की खापरपणजोबा लोटा-दोर घेऊन आले, कापसाची आडत टाकली, पैसा केला आणि शेवटी गावचे नगराध्यक्ष झाले. हे लिहून काढायचं असेल तर आधी माळ्यावरच्या लाल कापडातल्या हिशेबाच्या चोपड्या खाली काढा. रद्दीत अजिबात घालू नका, एका ओळखीच्या घरी अख्खी पेटी गेली आणि आता आजोबांचं गावसुद्धा कोणाला सांगता येत नाही, फार वाईट वाटतं.

चोपडीवर विक्रम संवत असतो. नवीन वर्ष दिवाळीला लागतं, म्हणून दिवाळी ते डिसेंबर ५७ वजा करा आणि जानेवारीपासून पुढच्या दिवाळीपर्यंत ५६. म्हणजे संवत १९२१ म्हणजे १८६४-६५. त्या वर्षी मोठा तोटा दिसला तर दचकू नका, अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६१ ला सुरू झालं तसा इथला कापूस सोन्याच्या भावानं गेला आणि १८६५ ला युद्ध संपताच भाव कोसळला, भलेभले बुडाले. तुमचे शेठजी त्यातून कसे तरले हाच चरित्राचा गाभा, इथं घाई करू नका.

लिपी महाजनी, म्हणजे व्यापाऱ्यांची जुनी लिपी असेल तर जाणकार माणूस गाठा, काना-मात्रा नसतात, 'अजमेर गये' चं 'आज मर गये' होतं.

आता नगराध्यक्षाचं. १८८२ च्या व्हाइसरॉय रिपनच्या स्थानिक स्वराज्याच्या ठरावाआधी म्युनिसिपालिटीचा प्रेसिडेंट बहुतेक ठिकाणी कलेक्टर नाहीतर दुसरा सरकारी अधिकारीच असायचा, त्यामुळे खापरपणजोबा मेंबर किंवा व्हाईस प्रेसिडेंट असायची शक्यता जास्त. जे कागदात सापडेल तेच लिहा, परमुलखातून आलेल्या माणसाला गावानं मेंबर केलं हेही काही कमी नाही. नगरपालिकेत जुनी ठरावबुकं दाखवा म्हणून अर्ज द्या, आणि १८८० चा खानदेश गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, नेटवर फुकट आहे, त्यात म्युनिसिपालिटी असलेल्या गावांची माहिती मिळते. १९०६ ला खानदेश जिल्ह्याचे दोन भाग झाले, म्हणून त्यानंतरचं शोधताना पूर्व खानदेश, पश्चिम खानदेश असं वेगवेगळं शोधा.

आणि हो, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आत्याकडे या रविवारीच जा, मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा, आणि शेठजी दौऱ्यावर असताना घर कोण चालवायचं ते पहिल्यांदा विचारा, कारण चोपडीत ते नाव नसतं.