महिला बराकीत गाण्याचा वर्ग चालवताना

बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम आखू नका. कारागृहात बहुतेक जणी न्यायाधीन, म्हणजे खटल्याचा निकाल अजून न लागलेल्या असतात. या मंगळवारी भेटलेली बाई पुढच्या मंगळवारी जामिनावर सुटलेली असेल, नाहीतर तारखेला कोर्टात गेलेली. म्हणून बैठक त्याच दिवशी पुरी व्हावी. एकदाच आलेलीलाही आख्खं गाणं गाऊन उठता आलं पाहिजे.

अधीक्षकांकडे अर्ज देताना वार, वेळ, शिकवणाऱ्यांची नावं आणि वाद्यांची नगवार यादी जोडा. शिकवणारी बाईच असावी. मोबाईल गेटवरच राहतो, त्यामुळे तानपुऱ्याच्या ॲपवर विसंबू नका.

वाद्यं मोजकी: एक पेटी, टाळांच्या चार जोड्या, दोन खंजिऱ्या. ढोलकी शक्यतो टाळा. दोरीची असेल तर दोरी झडतीत अडते, नटबोल्टची असेल तर पाना आत नेता येत नाही, आणि पावसाळी दमट हवेत चामड्याची पुडी बघता बघता उतरते. पालथ्या प्लॅस्टिकच्या बादलीवर ताल छान धरता येतो. टाळांच्या दोऱ्या आखूड करा, आत-बाहेर करताना नग मोजा. पेटी आत ठेवून येऊ नका. अलिबागचं कारागृह तर हिराकोट किल्ल्यात आहे. अशा जुन्या दगडी भिंतींच्या ओलीत पेटीच्या पितळी सुरांवर (आतल्या आवाज काढणाऱ्या पट्ट्यांवर) हिरवट थर चढतो, भाता कुबट होतो.

एका तासाला दहा-पंधरा जणी पुरेत. शिकवणारीनेही गोलात जमिनीवरच बसावं. आधी दहा मिनिटं श्वास: चार मोजत आत, आठ मोजत गुणगुणत बाहेर. चक्कर वाटली तर लगेच नेहमीचा श्वास. मग सा. इथे हमखास चूक होते. पुरुषांच्या भजनाची काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी) सा म्हणून धरली की बायकांना खर्जात पुटपुटावं लागतं, नाहीतर वर ओरडावं लागतं. काळी चारने सुरुवात करा. आवाज ताणला गेला तर पांढरी पाच, हवं तर चारपर्यंत उतरा.

गाणं त्यांच्याकडूनच घ्या. कुणी फुगडीचं काढेल, कुणी जात्यावरची ओवी. आंब्याच्या बागेत राबायला आलेली नेपाळी बाई असेल तर तिची ओळ तिच्याच भाषेत सगळ्यांनी शिकावी. नवी ओवी रचायची तर दोन ओळी आणि शेवटी यमक एवढं पुरतं. पहिली ओळ एकीची, दुसरी शेजारणीची:

भिंतीच्या पल्याड गं, दर्याची गाज येते
डोळा लागता लागता, माझ्या दारी नेते

कागद वापरू नका, लिहिता-वाचता न येणारी मागे पडते.

अंगाईने कधीही सुरुवात नको. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निकालानुसार सहा वर्षांपर्यंतचं मूल आईजवळ राहू शकतं. पण जिचं सात वर्षांचं घरी आहे, तीही त्याच गोलात बसलेली असते. कुणी आपणहून अंगाई काढली तर थांबवू नका. रडू फुटलं तर पेटीवर सा धरून ठेवा, बोलू नका. गुन्हा कोणता हे तर कधीच विचारायचं नाही.

सगळ्यात जड जातो तो भाद्रपद. चाकरमानी गावी आलेले, घरोघरी आरत्या, आणि या जणी आत. त्या पंधरवड्यात आठवड्याला दोन बैठका ठेवा. आरतीची सक्ती कुणालाच नको. जिला म्हणायची नाही तिला हवा तर ताल धरू द्या. वाढीव बैठकांचा अर्ज आषाढातच द्यावा लागतो, श्रावणात दिला तर उशीर होतो.